मोडलेला महागडा गॉगल : दुरुस्ती करावी की नवा घ्यावा?

लग्नसराईचे दिवस. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात एक तरुण येतो आणि रुमालात गुंडाळलेला गॉगल काउंटरवर ठेवतो. "चाचा, भाईने दुबईहून आणला होता. गाडीच्या सीटवर ठेवला आणि त्याच्यावरच बसलो. काडी मुळातून निघाली. होईल का काही?"

"होईल बेटा, पाच मिनिटं बस," असे म्हणून दुकानदार खणातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी काढतो. काडी बसते. पन्नास रुपये गल्ल्यात पडतात. चौथ्या दिवशी तोच तरुण परत येतो. काडी पुन्हा निघालेली असते, जोडाभोवती पांढरा कडक थर बसलेला असतो आणि काचेच्या कडेला न पुसली जाणारी धुरकट झाक आलेली असते. जो गॉगल पहिल्या दिवशी नीट दुरुस्त झाला असता, तो आता चांगल्या कारागिराच्याही हाताबाहेर गेलेला असतो. गिऱ्हाईक तर गेलेच, पण त्याचे घर आणि त्याची गल्लीही गेली.

हा प्रसंग नमुन्यादाखल रंगवला असला तरी या धंद्यातल्या बंधूंना तो अनोळखी वाटणार नाही. आपल्या बाजारात, विशेषतः कोकणातल्या आखाती कमाईच्या गावांत, महागडे गॉगल मोठ्या संख्येने येतात आणि तितकेच मोडतातही. त्यांची दुरुस्ती हा चांगला पूरक धंदा होऊ शकतो. पण त्यासाठी तीन गोष्टींचा क्रम पाळावा लागतो : आधी वस्तू ओळखा, मग गिऱ्हाइकाला खरे सांगा आणि त्यानंतरच वस्तूला हात लावा. आजच्या पाठात हा क्रम पाहू.

पहिली पायरी : काडीच्या आतली बाजू वाचा

गॉगल हातात आला की हत्यार नव्हे, भिंग उचला. बहुतेक नामांकित गॉगलांच्या काडीच्या आतल्या बाजूवर बारीक अक्षरांत बरेच काही छापलेले असते. उदाहरणादाखल आपण सर्वांच्या परिचयाचा रे-बॅन घेऊ. त्याचा एव्हिएटर नमुना 'आरबी ३०२५' या क्रमांकाने ओळखला जातो. त्यापुढे रंगाचा क्रमांक येतो आणि मग '५८' व '१४' असे आकडे, मध्ये छोटा चौकोन. ५८ म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, १४ म्हणजे नाकावरच्या पुलाचे अंतर. पुढचा १३५ किंवा तत्सम आकडा काडीच्या लांबीचा. हाच एव्हिएटर ५५, ५८ आणि ६२ अशा वेगवेगळ्या मापांत मिळतो. म्हणून "एव्हिएटरची काच द्या" एवढ्यावर माल मागवला तर चुकीचा माल येण्याची शक्यता मोठी.

मापांशेजारी '३ एन' किंवा '३ पी' असेही लिहिलेले आढळते. यातला ३ हा काचेच्या गडदपणाचा वर्ग आहे. पी असेल तर काच पोलराइज्ड, म्हणजे रस्ता, पाणी, गाडीचे बॉनेट यांवरून परावर्तित होणारी चमक अडवणारी समजावी.

थोडा इतिहासही कामाला येतो. रे-बॅन हे नाव १९३७ साली अमेरिकेच्या बॉश अँड लॉम्ब कंपनीने बाजारात आणले. विमान चालवणाऱ्यांना आकाशातल्या झगझगाटाचा त्रास होऊ नये, हा त्या गॉगलामागचा विचार होता. १९९९ साली हे नाव इटलीच्या लक्झॉटिका कंपनीने विकत घेतले. ही कंपनी १९६१ साली आगोर्दो नावाच्या डोंगरी गावात सुरू झाली आणि २०१८ साली फ्रान्सच्या एसिलोरमध्ये मिसळून आज एसिलोरलक्झॉटिका या नावाने चालते. कारागिराला याचा उपयोग काय? जुन्या, बॉश अँड लॉम्बच्या काळातल्या काचांच्या कडेला 'बीएल' ही बारीक अक्षरे कोरलेली असतात, नंतरच्या काचांवर 'आरबी' असते. वडिलांनी वापरलेला 'बीएल'चा गॉगल कुणी आणला तर त्याचे सुटे भाग आजच्या कंपनीकडून मिळतील असे वचन देऊ नका.

दुसरी पायरी : फ्रेम कशाची आहे?

दुरुस्तीचा सारा मार्ग या एका प्रश्नावर ठरतो. महागड्या गॉगलांच्या फ्रेमा मुख्यतः तीन जातींच्या असतात.

पहिली जात ॲसिटेट. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून हा पदार्थ बनतो. त्याच्या पाट्या तयार करून त्यांतून फ्रेम कापून काढतात, म्हणून कासवाच्या पाठीसारखी नक्षी वरवर छापलेली नसून आरपार असते. १९५२ साली निघालेल्या वेफेरर नमुन्याची आजची 'आरबी २१४०' फ्रेम या जातीची आहे. कारागिराच्या दृष्टीने ही सर्वांत भली फ्रेम. ती गरम करून वाकवता येते, घासता येते, चमकवता येते आणि जोडताही येते.

दुसरी जात साच्यात ओतलेल्या नायलॉनची. ही वजनाला हलकी व लवचीक असते. 'आरबी ४१६५' हा जस्टिन नमुना याचे उदाहरण. दिसायला वेफेररचा धाकटा भाऊ, पण जोडकामात अगदी वेगळा. नायलॉनला ॲसिटोन लागत नाही आणि साधा गोंद त्यावर टिकत नाही. ही फ्रेम पुलावर तुटली तर दुरुस्तीच्या फंदात न पडलेले बरे.

तिसरी जात धातूची. यात निकेल-तांब्याची मिश्र धातू, पोलाद आणि टायटॅनियम येतात. टायटॅनियम असेल तर बहुधा काडीवर तसे छापलेले असते.

ॲसिटेट की नायलॉन असा संभ्रम पडला तर काचा काढून घ्याव्यात आणि फ्रेमच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात काडीने ॲसिटोनचा एक थेंब लावावा. जागा क्षणभरात चिकट झाली तर ॲसिटेट. काचा आधी काढण्याचे कारण नीट ध्यानात घ्या : आजच्या पुष्कळ गॉगलांच्या 'काचा' काचेच्या नसून पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकच्या असतात आणि ॲसिटोनचा थेंब लागताच त्यांना तडे जातात. ॲसिटोन झटकन पेट घेते. जवळ शेगडी, मेणबत्ती, विडी काही नको आणि खिडकी उघडी हवी.

किरकोळ कामे : यातच रोजची कमाई

काडी सैल होणे, स्क्रू पडणे, नाकावरच्या गाद्या पिवळ्या पडणे ही रोजची दुखणी. बिजागरीचे स्क्रू साधारणपणे १.२ ते १.६ मिलिमीटर जाडीचे असतात. वेगवेगळ्या लांबीच्या स्क्रूंचा एक डबा, दोन-तीन मापांचे चांगले पेचकस आणि नोजपॅडच्या जोड्या एवढ्या भांडवलावर निम्मी कामे होतात. दिल्लीच्या बल्लीमारानसारख्या चष्म्यांच्या घाऊक बाजारात हा माल डब्यांवर मिळतो.

गंजलेला स्क्रू जोर लावून फिरवू नये. आधी बारीक तेलाचा थेंब सोडावा, थोडा वेळ थांबावे, मग पेचकस नीट बसवून फिरवावा. नवा स्क्रू पुन्हा सैल होऊ नये म्हणून आट्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा अगदी किंचित स्पर्श पुरतो. पण तो धातूवरच. ॲसिटेटच्या फ्रेमवर किंवा काचेवर ते ओघळले तर डाग कायमचा.

बिजागरी उखडली किंवा फ्रेम तुटली तर

आपल्या तरुणाच्या गॉगलाकडे परत येऊ. तो ॲसिटेटचा होता आणि त्याची बिजागरी फ्रेममधून उखडली होती. झटपट गोंद येथे दोन कारणांनी घातक. एक तर त्याचा जोड काचेसारखा कडक व ठिसूळ होतो आणि बिजागरी ही तर रोज हलणारी जागा. दुसरे म्हणजे सुकताना त्याची वाफ आसपास बसते. पांढरा थर आणि काचेवरची धुरकट झाक ही त्या वाफेची करणी.

योग्य रीत अशी. काचा काढा. उखडलेला खड्डा कोरून स्वच्छ करा. जुन्या मोडीत निघालेल्या ॲसिटेट फ्रेमचा त्याच रंगाचा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून मधाइतकी दाट लापशी करा. ती खड्ड्यात भरा, बिजागरी सरळ रेषेत बसवा आणि चिमट्याने धरून ठेवा. निदान पूर्ण एक दिवस हात लावू नका. वरचा पापुद्रा लवकर सुकतो, आतला ओलावा मात्र सावकाश निघतो. मग कानशीने समपातळी करा, बारीक पॉलिश कागद फिरवा आणि कापडी चाकावर चमक आणा. पूल तुटला असेल तर नुसत्या ॲसिटोनच्या जोडावर भरवसा ठेवू नये. दोन्ही बाजूंना बारीक छिद्र पाडून पोलादी तारेची खीळ घालावी आणि मगच जोडावे. तरीही तो जोड मूळच्या मजबुतीचा होत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

धातूच्या फ्रेमला कथलाचा साधा डाख बिजागरीवर टिकत नाही. तेथे चांदीचा डाख लागतो आणि त्याला फार मोठी आच द्यावी लागते. त्या आचेने सोनेरी मुलामा काळा पडतो. म्हणजे डाखानंतर पुन्हा मुलामा देण्याचा खर्च धरावा लागतो. काचा, नोजपॅड आणि काडीची प्लॅस्टिकची टोके काढल्याशिवाय आच देऊ नये. टायटॅनियमच्या वाटेला मात्र उघड्या ज्योतीने जाऊच नये. तापलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन ओढून ठिसूळ होते. त्यासाठी लेझर वेल्डिंग हवे. मोठ्या शहरांतल्या सराफी कारागिरांकडे ही यंत्रे असतात. त्यांच्याशी ओळख करून घेतलेला चष्मेवाला दोन पैसे अधिक मिळवील.

काच : येथे प्रश्न डोळ्याचा आहे

फ्रेम चुकली तर गॉगल जातो. काच चुकली तर डोळ्याचे नुकसान होते. पुष्कळ लोक समजतात की काच जितकी काळी तितके संरक्षण जास्त. हे चूक आहे. काळा रंग डोळ्याला दिसणारा प्रकाश कमी करतो. न दिसणारे अतिनील किरण अडवणे हे वेगळे काम आहे. काच काळी असली आणि अतिनील किरण अडवत नसली, तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि ते किरण डोळ्यात अधिकच शिरतात. असा गॉगल नसलेला बरा.

म्हणून बदलीच्या काचा घेताना '४०० नॅनोमीटरपर्यंत अतिनील किरण अडवणाऱ्या' अशी खात्री घाऊक व्यापाऱ्याकडून बिलावर लिहून घ्यावी. चष्म्याच्या अनेक दुकानांत हे किरण मोजण्याचे छोटे यंत्र असते. ते घेणे परवडत नसेल तर शेजारच्या दुकानात जाऊन मोजून आणावे. नोटा तपासण्याच्या जांभळ्या बॅटरीने ढोबळ अंदाज येतो : काचेतून प्रकाश टाकल्यावरही नोटेवरच्या खुणा चमकल्या तर संशय घ्यावा. पण हा पुरावा नव्हे, नुसती चाळणी.

गडदपणाचे वर्ग शून्य ते चार असे असतात. वर्ग तीनची काच साधारण ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते. भर उन्हासाठी हीच नेहमीची. वर्ग चार ३ ते ८ टक्केच सोडते आणि ती लावून वाहन चालवणे धोक्याचे मानले जाते. "अजून काळी टाका" म्हणणाऱ्या रिक्षावाल्या भाईला हे समजावून सांगणे दुकानदाराचे काम आहे.

पोलराइज्ड काचेच्या जागी साधी काच घालून पोलराइज्डचे पैसे घेणे ही उघड फसवणूक. आता गिऱ्हाईकही ती पकडू शकते : पुष्कळ मोबाईल वा कॉम्प्युटरच्या पडद्यांसमोर पोलराइज्ड काच हळूहळू फिरवली की एका कोनात पडदा काळवंडतो. साधी काच तसे करत नाही.

एक काच फुटली तरी दोन्ही बदलाव्यात, नाहीतर रंगात फरक दिसतो. चरे पडलेल्या काचेवर टूथपेस्ट घासण्याचा उपाय सांगणारे बरेच भेटतील. त्याने चरा जात नाही, वरचा मुलामा मात्र जातो.

दुरुस्ती की नवा? हिशोब मांडा

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारावा : "बिल आहे का?" नामांकित कंपन्या बहुधा ठरावीक मुदतीची हमी देतात. पण ती बनावटीतल्या दोषापुरती असते. मुलामा आपोआप उडाला, बिजागरी वापराविना ढिली झाली, तर अधिकृत विक्रेत्याकडे पाठवावे. त्यात आपले पन्नास रुपये बुडतात, पण गिऱ्हाइकाचे हजारो वाचतात आणि ते ही गोष्ट विसरत नाही. आपण एकदा फ्रेम उघडली की कंपनी हमी नाकारू शकते, हेही त्याला सांगावे. वर बसल्याने मोडलेला गॉगल मात्र हमीत सहसा बसत नाही.

हमी नसेल तर हिशोब असा मांडावा. समजा, तसाच नवा गॉगल ९,००० रुपयांना मिळतो. बिजागरी बसवण्याची मजुरी ६०० रुपये आणि दोन्ही काचांचे १,८०० रुपये. एकूण २,४०० झाले, म्हणजे नव्याच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक. फ्रेम ॲसिटेटची आणि बाकी धड असेल तर दुरुस्ती फायद्याची. हाच खर्च ४,५०० च्या पुढे जात असेल तर नव्याचा विचार करा, असे सांगावे. नायलॉनची फ्रेम पुलावर तुटली, धातूची फ्रेम दोन ठिकाणी मोडली किंवा नमुना जुना होऊन भाग मिळेनासे झाले, तर खर्च कितीही कमी असो, बदलीच बरी. मात्र गॉगल वडिलांची किंवा भावाची आठवण असेल तर हिशोबाचे गणित बदलते. ते गणित गिऱ्हाइकाला करू द्यावे. आपण फक्त आकडे द्यावेत.

नावाचा मोह टाळा

बाहेरची काच बसवणे हा गुन्हा नाही. बाहेरच्या काचेवर कंपनीचे नाव किंवा खूण कोरून ती मूळची म्हणून देणे हा गुन्हा आहे. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्यातील कलम १०३ व १०४ प्रमाणे खोटे चिन्ह लावणे आणि तसा माल विकणे यांसाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. "सगळेच करतात" हा बचाव न्यायालयात चालत नाही. तसेच मोबदला घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा ठरते आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली गिऱ्हाईक जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकते.

कधी गिऱ्हाइकानेच आणलेला गॉगल नकली वाटतो. छापील अक्षरे ओबडधोबड, काचेवरची खूण कोरलेली नसून नुसती चिकटवलेली. अशा वेळी चार लोकांत त्याची शोभा करू नये. बाजूला घेऊन "मला हा मूळचा वाटत नाही, यावर फार खर्च करू नका" एवढे सांगावे. देणाऱ्याने प्रेमाने दिलेला असतो आणि फसलेला बहुधा तोच असतो.

पावती : कारागिराची ढाल

प्रत्येक कामाची दोन प्रतींत पावती करावी. त्यात नमुन्याचा क्रमांक, रंग, आणलेल्या वेळची मोडतोड व चरे, काय दुरुस्त केले, कोणता भाग मूळचा व कोणता बाहेरचा, काचेचा वर्ग, मजुरी आणि तारीख लिहावी. काढलेले जुने भाग पुडीत बांधून परत द्यावेत. "काच आधीपासून चरलेली होती की तुम्ही चरली?" हा वाद पावती असेल तर उभा राहत नाही. आपल्याकडे दुरुस्तीस आलेली वस्तू ही अमानत आहे. अमानतीचा हिशोब तोंडी नको, कागदावर हवा.

आता त्या पहिल्या प्रसंगाकडे पुन्हा पाहा. तरुण गॉगल ठेवतो. दुकानदार भिंगातून काडी वाचतो, फ्रेमचा कोपरा तपासतो आणि म्हणतो, "बेटा, फ्रेम ॲसिटेटची आहे, बिजागरी बसेल. दोन दिवस लागतील, सहाशे रुपये होतील. काचा तुझ्याच राहतील. जोड मजबूत करीन, पण पुन्हा याच्यावर बसू नकोस." तरुण हसतो, पावती खिशात घालतो आणि निघतो. दोन दिवसांनी तो येतो तेव्हा सोबत मित्रालाही घेऊन येतो.

पन्नास रुपये पाच मिनिटांत मिळतात. हे दुसरे गिऱ्हाईक मिळवायला मात्र दोन दिवस आणि थोडी सचोटी लागते. धंदा कशावर चालतो, ते ज्याने त्याने ठरवावे.